दंड मोजा, जीभ दाखवा!

ठाण्याच्या तलावपाळीवर रविवारी संध्याकाळी घटकाभर बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून ओळखा, यातलं कुपोषित कोण? बोट बहुतेक चुकीच्या माणसाकडेच जाईल. हडकुळा पोरगा ठणठणीत निघतो आणि आइस्क्रीमवर ताव मारणाऱ्या गोलमटोल काकांच्या रक्तात बी-१२ तळाला गेलेलं असतं. शरीर मात्र खुणा ठेवतंच. नखांवर, जिभेवर, डोळ्यांच्या आत, दंडाच्या घेरात. त्या वाचायला कोण शिकलं, कशा वाचतात आणि त्यात आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा हात कुठे लागला, त्याची ही खमंग जंत्री.

साडेअकराचा पेपर

अंगणवाडीसेविकेच्या पिशवीत एक अरुंद पट्टी असते. लाल, पिवळी, हिरवी. किंमत नगण्य, चार्जिंग लागत नाही, रेंज जात नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात घ्यायचा. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडायला लावायचा आणि पट्टी गुंडाळायची. आवळायची नाही, ढिलीही सोडायची नाही. आकडा साडेबारा सेंटिमीटर किंवा वर असेल तर हिरवा. साडेअकरा ते साडेबारामध्ये पिवळा, म्हणजे अंगणवाडीच्या भाषेत ‘मॅम’, मध्यम कुपोषित. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे ‘सॅम’, तीव्र कुपोषित.

गंमत अशी, की पोट, छाती, मांडी सगळं सोडून दंडच का? कारण एक ते पाच या वयात धडधाकट मुलाचा दंड फारसा जाड होत नाही. उंची वाढते, वजन वाढतं, दंड साधारण तिथेच राहतो. त्यामुळे मुलाची जन्मतारीख माहीत नसली तरी चालतं. वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबाला ‘बाळ कधीचं?’ विचारलं की ‘मागच्या भातकापणीचं’ असं उत्तर मिळतं, तिथे ही पट्टी सोन्याची. १९६०च्या दशकात नायजेरियातल्या यादवी युद्धात क्वेकर पंथाच्या मदत पथकाने तर एक काठीच बनवली होती. मूल काठीला टेकवून उभं करायचं. त्या उंचीला किमान दंड किती हवा, ते काठीवरच लिहिलेलं. हिशेब नाही, तक्ता नाही, रांग भराभर पुढे.

अंगठ्याची परीक्षा

याहून स्वस्त साधन तुमच्याच हाताला आहे. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचलायचा. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर पावलांत पाणी साठलंय. अशा वेळी पट्टी हिरवं दाखवत असली तरी मूल तीव्र कुपोषितच धरतात आणि तडक दवाखान्यात पाठवतात. ‘काय गुबगुबीत बाळ आहे!’ म्हणून गाल ओढणाऱ्या आत्याबाईंना हे सांगून ठेवा.

झोपलेलं मूल उंच असतं

दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं ठेवून मोजतात, वरच्याला उभं. तेच मूल आडवं मोजलं तर उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत तेवढा फरक धरलेला असतो. मोठ्यांचंही तसंच. सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर घटते, कारण मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या भाराने दबतात. डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी मनात आणखी थोडी वजाबाकी करावी.

अंगणवाडीचं माहेर आपलंच

देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं मूळ जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे, हे ठाणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७मध्ये अनुताई वाघांबरोबर त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आंघोळ घालणं, नखं कापणं, खाऊ देणं हाही तिथे अभ्यासच होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हा अंगणवाडी देशाची झाली. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. कोसबाड १ ऑगस्ट २०१४पासून पालघर जिल्ह्यात गेलं, तरी श्रेयावरचा आपला हक्क सोडायचं कारण नाही.

हक्क सांगायचा तर दुसरी बाजूही आपलीच. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यातच होतं. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर. त्या बातम्यांनंतर ‘कुपोषण’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला तो कायमचाच. २००५मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं.

बीएमआय सारखा, चरबी दुप्पट

वजन भागिले उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. हे सूत्र १८३२च्या सुमाराचं आणि बेल्जियमच्या केटले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला लठ्ठपणाशी काही घेणंदेणं नव्हतं. ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे तो शोधत होता. सूत्राला बीएमआय हे नाव मिळालं ते थेट १९७२मध्ये.

पण या सूत्राची खरी फजिती केली ती आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. दशांशापर्यंत तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! शास्त्रज्ञाने स्वतःच्याच पोटाचा पुरावा मांडावा, याला धैर्य लागतं. भारतीयांसाठी ‘वजन जास्त’ची रेघ २५ऐवजी २३वर ओढली जाते, त्यामागे अशाच निरीक्षणांचा आधार आहे. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिंप्याच्या टेपने आज रात्रीच मोजा. श्वास ओढून मोजलेला आकडा धरला जात नाही.

याज्ञिकांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकवून असलेली. म्हणजे हडकुळ्या देहातला लठ्ठपणा आईच्या पोटातूनच सुरू.

गिरणीतल्या बायका आणि ब्रेडवरचं चाटण

आता थोडं थांबून सांगावी अशी गोष्ट. ठाण्याहून लोकलने तासाभरात पोचाल, अशा परळला घडलेली.

१९२८मध्ये ल्युसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागली. प्रश्न असा होता, की मुंबईतल्या गरीब गरोदर बायका, त्यात कापड गिरण्यांतल्या कामगार बायका, भयंकर रक्तक्षयाने का मरतात? रक्तपेशी कमी, पण उरलेल्या पेशी आकाराने मोठ्या आणि बेढब. साध्या लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, म्हणजे हे प्रकरण वेगळं. आधी संसर्गाचा संशय घेतला. तपासण्या केल्या, जंतू सापडेना. मग बाईंनी ताटात डोकावलं. ज्या घरांत भाजी-फळं-दूध येत होतं, तिथे आजार कमी. जिथे पैशाला ओढ, तिथे जास्त.

मग उंदरांना त्या गरीब बायकांच्या जेवणासारखंच जेवण घातलं. उंदरांचं रक्त उतरलं. त्यात यीस्ट घातलं, रक्त सुधारलं. पुढे माकडांवर प्रयोग झाले आणि एका आजारी माकडाला मार्माइट चाटवलं. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचं काळं, खारट, उग्र चाटण, जे इंग्रज लोक ब्रेडला फासून खातात आणि बाकीचं जग नाक मुरडतं. माकड सुधारलं. बायकांना दिलं, बायकाही सुधारल्या. १९३१मध्ये हे संशोधन ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं.

त्या चाटणात नेमकं काय होतं? कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षं त्याला नुसतं ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१मध्ये अमेरिकेत चार टन पालक पिळून तोच पदार्थ चिमूटभर वेगळा काढला गेला. फॉलिक अॅसिड. आणि १९४५मध्ये लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या गिरणीबाईंपासून निघालेली वाट एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेत संपली. आज जगभर गरोदर बाईच्या हाती पडणाऱ्या फॉलिकच्या गोळीमागे त्या गिरणीकामगार बायकांचं रक्त आहे, अगदी शब्दशः. त्यांची नावं मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत.

एक कामाची गोष्ट. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना ‘गोड बातमी’ कळायच्याही आधी. म्हणून फॉलिकची गोळी बाळाचा विचार सुरू झाला तेव्हापासूनच घ्यायची असते, ओटभरणीपासून नव्हे.

पालक आणि चुकलेला दशांश

‘पालकात लोह भरपूर, असं एका जर्मन शास्त्रज्ञाच्या दशांशचिन्हाच्या चुकीमुळे पसरलं’ ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर तुम्हाला नक्की आली असेल. तर ती दशांशाची गोष्टच खोटी निघाली. १९८१मध्ये एका डॉक्टरने ती नियतकालिकात लिहिली, सगळ्यांनी उचलली आणि पुढे एका संशोधकाने खोदकाम केलं तर मूळ चुकीचा पुरावाच मिळेना. अफवा खोडून काढणारी अफवा! पालकात लोह आहे, पण ते शरीराला कमी लागू पडतं, एवढंच खरं.

चहा आडवा येतो

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. आधीच्या फेरीत ४८ होत्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर ६८.९ टक्के. मेट्रो आली, उड्डाणपूल आले, हिमोग्लोबिन खाली गेलं.

घरच्या घरी बघायचं तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लालसर हवा, फिकट नको. नखं बघा. लोह फार दिवस कमी असेल तर नखं सपाट होतात, मग खोलगट. नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही, बसून राहतो. आणि खाण्याच्या सवयी विचारा. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती, कच्चे तांदूळ, फ्रीजमधला बर्फ कुडुमकुडुम खायची अनावर इच्छा हे लोह कमी असल्याचं जुनं लक्षण. घरातले ‘वाईट सवय’ म्हणून रागावतात, डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. बरोबर कोण, ते सांगायला नको.

पापणी हा अंदाज झाला, निकाल रक्त तपासूनच. गरोदर बाईला किमान ११, इतर बायकांना १२, पुरुषांना १३ हा हिमोग्लोबिनचा हिशेब.

लोहाचा पक्का वैरी म्हणजे जेवणावरचा चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते वाया जातं. जेवण आणि चहा यांच्यात तासभर अंतर ठेवलं तरी पुष्कळ. मित्र म्हणजे लिंबू. डाळीवर, पोह्यांवर पिळलेली फोड शोभेची नसते. लोखंडी कढईत आमसुलाचं सार उकळणाऱ्या आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण आंबटपणाने कढईचं लोह सारात उतरत होतं. तिच्या नातवंडांनी कढई भंगारात घालून नॉनस्टिक आणलं, तिथेच गणित बिघडलं.

आणि सरकारी लोहगोळ्यांचे रंग? पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर बायकांना लाल. एका घरात तिन्ही रंगांच्या गोळ्या असल्या तरी अदलाबदल करू नका, डोस वेगळे आहेत. शौच काळसर झालं तर घाबरू नका, तो गोळीचाच रंग.

शाकाहारी जीभ

बी-१२ ना गाय बनवते, ना कोंबडी, ना पालक. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. जनावरांच्या अंगात ते साठतं आणि तिथून आपल्या ताटात येतं. त्यामुळे दूध-दही पुरेसं न घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं दुकान हळूहळू बंद होतं. हळूहळू, कारण यकृतात साठा काही वर्षं पुरतो. आज खाणं बदललं तर बिल चार वर्षांनी येतं. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या त्या अभ्यासात दोन-तृतीयांश मातांचं बी-१२ कमी भरलं.

आता जीभ बाहेर काढा. खरखरीत, किंचित पांढुरकी असेल तर ठीक. गुळगुळीत, लालभडक, तिखट लागताच आग करणारी असेल तर विचारपूस हवी. बोटांच्या पेरांवर अचानक काळपटपणा, तळपायाला मुंग्या, डोळे मिटून उभं राहिलं की तोल जाणं, याही खुणा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा, कारण त्या गोळीने बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो. आणि नुसतं फॉलिक घेत राहिलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो, नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं.

बी-१२चं इंजेक्शन टोचून घेताना कुरकुर करू नका. १९२०च्या दशकात यावर एकच उपाय होता, रोज साधारण पाव किलो अर्धकच्चं यकृत खाणं. तो शोधणाऱ्या तिघांना १९३४चं नोबेल मिळालं. रुग्णांच्या चिकाटीला काहीच मिळालं नाही.

डोंबिवली फास्ट आणि ड जीवनसत्त्व

सकाळी सातची लोकल, दिवसभर एसी ऑफिस, रात्री आठला परत. ऊन भेटतं कधी? एसी लोकलच्या काचेतून येणारं ऊन गरम लागतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. बाल्कनीला काचा लावून तिची खोली केलीत, तिथेही तेच.

‘कोवळं ऊन घ्या’ या सल्ल्यातही अर्धंच तथ्य आहे. अगदी सकाळी सूर्य तिरका असतो आणि हे किरण वातावरणातच गळतात. सोपी खूण अशी, की तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान असेल तेव्हा ड बनतं. आपल्याकडे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सावली पायाखाली गडप होते. मेमध्ये ते बघायला टोपी घालून जा. जुलैमध्ये ढगांमुळे दिसलं तर नशीब. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही लक्षात असू द्या.

लहान मुलांत याची टंचाई म्हणजे मुडदूस. मनगटं रुंद होतात, पाय धनुकलीसारखे वाकतात. हा फक्त जुन्या चाळींतला रोग होता, असं समजू नका.

मिठागरं होती, आयोडीन नव्हतं

मीरा-भाईंदरची मिठागरं ठाणे जिल्ह्यातलीच. ‘समुद्राचं मीठ, मग आयोडीन आपसूक आलंच’ असं वाटणं साहजिक आहे. साफ चूक. समुद्राच्या पाण्यात आयोडीन जेमतेम, आणि मीठ तयार होताना तेही फारसं उरत नाही. ते जातं मासळीत आणि शेवाळात. म्हणून मिठात ते वरून घालावं लागतं. आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायला देशात २००६पासून बंदी आहे.

लागतं तरी किती? प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅमच्या आत. एवढ्याशा गोष्टीवाचून गळ्याला गलगंड येतो आणि पोटातल्या बाळाची बुद्धी मंदावते. मिठाची बरणी शेगडीच्या कडेला उघडी ठेवू नका, ओलाव्याने आणि उष्णतेने आयोडीन उडतं. आणि डाएटच्या नादाने घरात फक्त सैंधव आणलंत, तर आयोडीन मासळीतून, दूध-अंड्यातून मिळतंय ना, ते बघा.

स्टेशनबाहेरचं औषधाचं दुकान

पहिला पाऊस पडला की मुरबाड-शहापूरकडच्या बायका रानभाज्यांचे वाटे घेऊन कल्याण आणि ठाणे स्टेशनांबाहेर बसतात. टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कंटोळी आणि मानाची शेवळं. शेवळांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, नुसती शिजवली तर घशाला असह्य खाज. म्हणून बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देते, ती हिरवी आंबट फळं. त्यांच्या रसात शेवळं शिजवली की खाज जाते. घासाघीस करताना काकडं मात्र विसरू नका. गर्द हिरव्या पानांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल, लोह, चुना सगळंच.

त्याच रस्त्यावर तिखट-मीठ लावून पेरू मिळतो. इस्पितळात भेटायला जाताना आपण संत्री नेतो, पण वजनाला वजन तोलून पाहिलं तर पेरूत ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट. ‘सर्दी होईल’ म्हणून पेरूला घराबाहेर ठेवणाऱ्या आईला हे कसं पटवायचं, तो तुमचा प्रश्न.

नाचणीत कॅल्शियम दुधाच्या तिप्पट. आगरी-कोळी घरातला सुका जवळा आख्खाच खातात, त्यामुळे त्याचं कवचही पोटात जातं आणि कॅल्शियम मिळतं. मिसळीतली मोड आलेली मटकी ही तर हुशारीच. मोड आले की कडधान्यातला लोह-जस्त अडवून ठेवणारा पदार्थ कमी होतो आणि ‘क’ जीवनसत्त्व नव्याने तयार होतं. वरच्या तर्रीबद्दल आम्ही काही बोललेलो नाही.

गवती चहापासून डोळ्यांपर्यंत

ठाण्यातल्या औषध कारखान्यांत एकेकाळी ‘अ’ जीवनसत्त्व तयार होत असे, आणि त्याचा कच्चा माल होता गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल. त्यातल्या वासाच्या द्रव्यापासून टप्प्याटप्प्याने ‘अ’ बनवता येतं. म्हणून कुणी गवती चहा पिऊन चष्मा उतरवायला जाऊ नये, मधे कारखाना लागतो. मुलांना नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी एक, असे ‘अ’चे नऊ डोस मिळतात. टंचाईची खूण म्हणजे संध्याकाळी मूल अडखळणं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका. उलट गाजर-पपई-आंब्याचा अतिरेक केला तर तळवे पिवळे होतात. डोळे पांढरेच असतील तर कावीळ नव्हे, आमरस.

अफवा आणि अपवाद

नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी? बहुधा नख कुठेतरी आपटलंय. मुलाच्या गालावर फिकट चट्टा म्हणजे जंत? बहुतेकदा कोरड्या त्वचेचा साधा प्रकार. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द? शरीराला नको असलेलं बी-२ बाहेर चाललंय, महागडी लघवी. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे? ते पोषण भरलेले दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आणि बी-१२ मिसळून पुन्हा दाण्याचा आकार दिलेले, शंभरात एक. किती घरांत ते निवडून फेकले गेले असतील! म्हणजे औषध केरात आणि भात ताटात.

काल काय खाल्लं?

सगळ्यात अवघड चाचणी हीच. आहारतज्ज्ञ चोवीस तासांचं खाणं विचारतात, समोर वाट्या, डाव मांडून. लोक जेवण बरोबर सांगतात. विसरतात ते लोकलच्या ग्रुपमधल्या वाढदिवसाचा केक, चहाबरोबरची खारी आणि फलाटावरचा वडापाव. ‘तो काय जेवणात धरायचा?’ धरायचा.

तेव्हा दुकानातून महागड्या गोळ्यांची बाटली आणण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जवळच्या अंगणवाडीत नेऊन वजन, उंची आणि दंडघेर मोजून घ्या. ती सेवा फुकट आहे, आणि घोडबंदर रोडच्या तिसाव्या मजल्यावरच्या मुलालाही तितकीच लागू आहे.